ताब्याचं वॉरंट दारात येण्याआधी

दिवाणी न्यायालयात मी ३१ वर्षं बेलिफ होतो. समन्स बजावायचं, नोटीस चिकटवायची, आणि दावा संपला की घराचा ताबा एकाकडून घेऊन दुसऱ्याच्या हाती द्यायचा, हे माझं काम. निवृत्तीला चार वर्षं झाली तरी लोक विचारायला येतात. घरमालक येतो : “काका, करार संपून दोन महिने झाले, पोरं निघत नाहीत. कुलूप बदलू का?” भाडेकरू येतो : “मालक म्हणतोय रविवारी सामान बाहेर काढणार. काढता येतं का त्याला?”

दोघांनाही उत्तर एकच, नाही. महाराष्ट्रात राहत्या घरातून कुणाला त्याच्या मनाविरुद्ध बाहेर काढायचं तर शासनानं नेमलेल्या सक्षम प्राधिकाऱ्याचा आदेश लागतो किंवा कोर्टाचा हुकूमनामा, म्हणजे निकालाचा लेखी आदेश, लागतो. पोलीस चौकी, सोसायटीचे सेक्रेटरी, इस्टेट एजंट यांना मध्ये घालून समजूत काढता येईल. ताबा घेता येणार नाही.

एका मालकानं भाडेकरू लग्नाला गावी गेलेत हे पाहून कुलूप बदललं. ती माणसं परत आली आणि लहान पोरांसकट जिन्यात बसली. त्यांनी स्पेसिफिक रिलीफ ॲक्टच्या कलम ६ खाली दावा लावला. संमतीशिवाय आणि कायद्याचा मार्ग सोडून ज्याला घराबाहेर काढलं, त्याला ६ महिन्यांच्या आत हा दावा लावता येतो. त्यात घराची मालकी कुणाची हे कोर्ट बघत नाही. ताबा कुणाकडे होता आणि तो कसा काढला, एवढंच बघतं. निकाल भाडेकरूच्या बाजूनं लागला आणि त्याला घरात परत बसवायला मीच गेलो. वाईट याचं वाटतं की मालकाचं भाडं खरोखरच थकलेलं होतं. त्याचा मूळ दावा भक्कम होता, पण तो लावण्याऐवजी त्यानं दीड वर्ष त्या कुलपात घालवलं.

पाणी तोडणं, वीज बंद करणं, जिन्यातला दिवा काढणं, लिफ्ट अडवणं हाही तोच प्रकार. भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम २९ नं हे मालकाला मनाई केलेलं आहे. भाडेकरू कोर्टात अर्ज करून पाणी-वीज पुन्हा सुरू करून घेऊ शकतो आणि मालकावर गुन्हाही होऊ शकतो. तेव्हा रागाच्या भरात नळाला हात लावू नका.

तुमचा कागद कोणता?

आपल्याकडे लागू आहे तो महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९. अंमल ३१ मार्च २००० पासून. या एकाच कायद्यात दोन अगदी वेगळे रस्ते आहेत. एक लीव्ह अँड लायसन्सवर राहणाऱ्यांचा, दुसरा खऱ्या अर्थानं भाडेकरू असलेल्यांचा. बोलताना आपण सगळ्यांनाच भाडेकरू म्हणतो आणि तिथूनच घोटाळा सुरू होतो.

लीव्ह अँड लायसन्स म्हणजे मालकानं ठरावीक मुदतीसाठी वापरायला दिलेली परवानगी. मुदत संपली की परवानगी संपली. भाडेकरूचा हक्क मात्र मुदतीवर अवलंबून नसतो. कायद्यानं सांगितलेल्या कारणांपैकी एखादं सिद्ध झाल्याशिवाय तो हटत नाही, आणि तो वारला तर सोबत राहणाऱ्या कुटुंबीयाकडे हक्क जातो. वाड्यातल्या, चाळीतल्या, पागडीच्या घरातल्या जुन्या बिऱ्हाडांची गोष्ट ही.

आता ‘११ महिन्यांच्या’ कराराबद्दल. नोंदणी कायद्यात एका वर्षापेक्षा जास्त मुदतीचा भाडेपट्टा नोंदवावाच लागतो, म्हणून ११ महिन्यांचा करून नोंदणी टाळायची, अशी देशभराची सवय आहे. महाराष्ट्रात ती पळवाट चालत नाही. आपल्या कायद्याचं कलम ५५ सांगतं की करार कितीही महिन्यांचा असो, तो लेखी हवा आणि नोंदवलेला हवा, आणि नोंदवायची जबाबदारी मालकाची. नोंदवला नाही तर मालकाला ३ महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. त्याहून मोठा तोटा वेगळाच आहे. घर कोणत्या अटींवर दिलं यावर वाद झाला तर, उलट सिद्ध होईपर्यंत, राहणाऱ्याचं म्हणणं खरं धरलं जातं. म्हणजे तो म्हणाला, “मी लायसन्सवर नाही, भाडेकरू आहे,” तर ते खोडून काढायचं ओझं तुमच्यावर. नोटरीचा शिक्का हा नोंदणीला पर्याय नाही. नोंदणी हल्ली घरबसल्या, अंगठा आणि आधार देऊन होते. मुद्रांक शुल्क वसूल होणाऱ्या एकूण रकमेवर पाव टक्का. एवढ्यासाठी घर धोक्यात घालणारे मालक मी फार पाहिले आणि दरवेळी जीव हळहळला.

राहायला जाणाऱ्यांनो, तुम्हीही आग्रह धरा. नोंदवलेल्या कराराची प्रत मागून घ्या. त्यात डिपॉझिटचा आकडा, मुदत आणि मुदतीआधी सोडायचं तर किती दिवसांची नोटीस, या तीन गोष्टी नीट वाचा.

लायसन्स संपलं आणि माणूस निघत नाही

हा कलम २४ चा रस्ता. यासाठी कोर्टात जायचं नाही. शासनानं नेमलेल्या सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करायचा. घर राहण्यासाठी दिलेलं हवं. दुकानाला हे कलम नाही.

मालकानं मुदत संपण्याच्या महिनाभर आधी लेखी कळवावं की करार पुढे वाढवायचा नाही. पत्र पोस्टानं, पोचपावतीसकट. व्हॉट्सॲपवर कळवलं तरी पत्र पाठवाच. मुदत संपल्यानंतरही राहणारा खात्यात पैसे टाकत असेल तर लगेच लिहून कळवा की ही रक्कम नुकसानभरपाई म्हणून धरत आहोत, करार वाढवलेला नाही. मग नोंदवलेला करार, त्याची सूची क्रमांक २ (नोंदणीचा उतारा, इंडेक्स टू), घराच्या मालकीचा कागद आणि पत्रव्यवहार जोडून अर्ज द्या.

प्राधिकारी फार खोलात जात नाहीत. लायसन्सची मुदत संपली का, हा मुख्य प्रश्न. लेखी करारात जे लिहिलंय तो त्या गोष्टीचा निर्णायक पुरावा मानायचा, असं कायद्यातच म्हटलंय. “तोंडी तीन वर्षांचं ठरलं होतं” हे तिथं टिकत नाही. मुदतीनंतर जितके दिवस राहाल त्याची भरपाई लायसन्स फीच्या दुप्पट दरानं द्यावी लागते. ज्यांना वाटतं की तारखा पडत राहतील आणि आपण निवांत राहू, त्यांनी हा हिशेब आधी मांडावा. महिना १५,००० ची जागा आठ महिने अडवली तर २,४०,०००.

राहणाऱ्यासाठी यातला सगळ्यात महत्त्वाचा आकडा ३०. समन्स मिळाल्यापासून ३० दिवसांच्या आत प्रतिज्ञापत्र करून, आपली बाजू मांडायची परवानगी मागावी लागते. ही परवानगी आपोआप मिळत नाही. प्रतिज्ञापत्रात खरं कारण दिसलं तरच मिळते. तीस दिवस गेले की मालकाचं म्हणणं तुम्ही मान्य केलं असं धरून आदेश होतो. माझ्याकडे एक तरुण नवरा-बायको आले होते. नवऱ्यानं समन्स वाचलं, चिडला आणि फ्रिजवर ठेवून दिलं. मालकानं मुदतीनंतर नव्या कराराचा मसुदा पाठवून वाढीव डिपॉझिट घेतलं होतं, म्हणजे सांगण्यासारखं त्यांच्याकडे होतं. ते आले ४१ व्या दिवशी.

या आदेशावर अपील नाही. ९० दिवसांच्या आत विभागीय आयुक्तांच्या पातळीवर पुनरीक्षण अर्ज, म्हणजे आदेश पुन्हा तपासा असा अर्ज, करता येतो. आदेश अंतिम झाल्यावरही जो निघत नाही त्याला गरजेपुरतं बळ वापरून बाहेर काढता येतं.

मुदत चालू असतानाच भाडं थकलं तर? हा सोपा रस्ता मुदत संपल्यावरचा आहे. मधेच लायसन्स रद्द करायचं असेल तर करारातलं कलम घेऊन वकिलाकडे जा, ऐकीव माहितीवर नोटीस लिहू नका.

जुना भाडेकरू

इथे कोर्ट आलं. मुंबईत लघुवाद न्यायालय (स्मॉल कॉजेस कोर्ट), पुणे-नागपूरसारख्या ठिकाणीही लघुवाद न्यायालय, आणि जिथं ते नाही तिथं दिवाणी न्यायाधीश कनिष्ठ स्तर.

भाडं थकल्याचं कारण असेल तर कलम १५ बघायचं. मालकानं आधी लेखी मागणीची नोटीस द्यायची आणि ती पोहोचल्यावर ९० दिवस थांबायचं. त्याआधी दावा लावला तर तो तेवढ्यावरच पडतो. दावा लागल्यावरही भाडेकरूला संधी असते. समन्स मिळाल्यापासून ९० दिवसांत सगळी थकबाकी, तिच्यावर सालीना १५ टक्के सरळ व्याज कोर्टात भरायचं, पुढचं भाडं दावा संपेपर्यंत नियमित भरत राहायचं आणि कोर्ट सांगेल तो खर्च द्यायचा. एवढं केलं तर थकबाकीच्या कारणावर घर जात नाही. पण “नियमित” हा शब्द कोर्ट फार काटेकोर धरतं. सुरुवातीची मोठी रक्कम दागिने मोडून भरणारे आणि नंतरचं दरमहाचं भाडं भरायला विसरणारे लोक मी पाहिलेत. घरातल्या एका माणसावर हे काम सोपवा आणि चलनं एका फायलीत लावा.

मालक मुद्दाम भाडं घेत नसेल, म्हणजे थकबाकी दाखवता यावी म्हणून, तर मनीऑर्डर करा. त्यानं नाकारली तर “नाकारली” असा शेरा मारून ती परत येते. तो शेरा जपून ठेवा, तोच तुमचा पुरावा. आणि भाड्याची पावती मागत जा. ती देणं मालकावर बंधनकारक आहे.

बाकीची कारणं कलम १६ मध्ये आहेत. पोटभाडेकरू ठेवणं, लेखी परवानगीशिवाय पक्कं बांधकाम, शेजाऱ्यांना उपद्रव, दावा लावायच्या आधी सलग ६ महिने सबळ कारणाशिवाय घर न वापरणं, इमारत पाडून नवी बांधायची असणं. आणि सगळ्यात जास्त लढलं जाणारं कारण म्हणजे मालकाला स्वतःला किंवा कुटुंबाला जागेची खरी गरज. यात गरज सिद्ध करून भागत नाही. घर दिल्यानं भाडेकरूला आणि न दिल्यानं मालकाला, कुणाला जास्त त्रास होईल याची कोर्ट तुलना करतं. म्हणून भाडेकरूनं दुसरी जागा शोधली का, कुठे विचारलं, किती भाडं सांगितलं, हे सगळं लिहून ठेवावं. मालकानंही आपल्या नावावरच्या दुसऱ्या जागा लपवू नयेत. त्या उघड झाल्या की बाकीचं खरं बोलणंही संशयात येतं.

गरजेपोटी घर मिळवून मालक महिनाभरात तिथं राहायला गेलाच नाही, किंवा वर्षाच्या आत दुसऱ्याला भाड्यानं दिलं, तर जुना भाडेकरू कोर्टाकडे परत ताबा मागू शकतो. हे फार कमी लोकांना माहीत असतं.

समन्स नाकारून काय होतं

दार न उघडल्यानं दावा थांबत नाही. बेलिफाला तुम्ही भेटला नाहीत तर घरातल्या सज्ञान माणसाच्या हातात समन्स देता येतं. घरकामाला येणारी बाई यात धरत नाहीत, तिच्याकडे दिलं तर ती बजावणी नव्हे. घ्यायलाच नकार दिला तर बाहेरच्या दारावर प्रत चिकटवायची, कुठे, कधी, कुणाच्या समक्ष ते लिहायचं आणि अहवाल नाझरकडे, म्हणजे कोर्टातल्या आमच्या वरिष्ठाकडे, द्यायचा. कोर्टाला पटलं तर बजावणी झाली.

सही करण्यात हरलो असं काही नाही. “मिळालं” एवढाच तिचा अर्थ. घ्या, तारीख बघा, आणि त्याच आठवड्यात वकील गाठा. लेखी कैफियत, म्हणजे दाव्याला तुमचं उत्तर, ३० दिवसांत द्यायची असते, कोर्ट फार तर ९० दिवसांपर्यंत सवड देतं. हजरच राहिला नाहीत तर दावा एकतर्फी चालतो. एकतर्फी हुकूमनामा रद्द करून घ्यायला ३० दिवस, आणि समन्स खरोखरच मिळालं नसेल तर कळल्यापासून ३० दिवस.

वकिलाला पैसे नाहीत म्हणून घरी बसू नका. कोर्टाच्या आवारातच विधी सेवा समितीचं कार्यालय असतं. बाईमाणसाला उत्पन्न न विचारता मोफत वकील मिळतो. अनुसूचित जाती-जमातीच्या, अपंग आणि कमी उत्पन्नाच्या लोकांनाही मिळतो. अर्ज एका पानाचा असतो. माझ्या नोकरीत मी कितीतरी विधवा बायकांना त्या खोलीपर्यंत सोडून आलोय.

आणि तडजोड. दाव्याच्या कुठल्याही टप्प्यावर ती करता येते. मालक सहा महिन्यांची मुदत देतो, थोडी थकबाकी सोडतो, भाडेकरू लेखी हमी देतो की अमुक तारखेला चावी देईन, आणि कोर्ट तसा हुकूमनामा करतं. लोकअदालतीत झाली तर कोर्ट फी परत मिळते आणि त्यावर अपीलही राहत नाही. हमी दिल्यावर मात्र ती पाळायची. कोर्टाला दिलेली हमी मोडणं हा न्यायालयाचा अवमान होतो.

ताब्याचा दिवस

हुकूमनामा झाला म्हणजे दुसऱ्या दिवशी बेलिफ येत नाही. हरलेल्याला ३० दिवसांत अपील करता येतं. मुंबईत ते लघुवाद न्यायालयाच्याच दोन न्यायाधीशांसमोर, इतरत्र जिल्हा न्यायालयात. स्थगिती मिळाली तरी हल्ली कोर्ट बाजारभावाच्या आसपास रक्कम दरमहा भरायला सांगू शकतं, २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ते स्पष्ट केलंय. शंभर-दीडशे रुपये भाड्यावर वर्षानुवर्षं अपील चालवायचे दिवस गेले.

अपील नाही, स्थगिती नाही, आणि माणूस निघत नाही, तर मालकानं दरखास्त, म्हणजे हुकूमनाम्याची अंमलबजावणी करा असा अर्ज, दाखल करायची. ती हुकूमनाम्यापासून १२ वर्षांपर्यंत करता येते, पण दोन वर्षं उलटून गेली असतील तर आधी समोरच्याला नोटीस काढावी लागते. दरखास्तीत ताब्याचं वॉरंट निघतं आणि ते बेलिफाच्या हातात येतं.

मालकानं त्या दिवशी स्वतः यायचं, घर ओळखून दाखवायचं. चतुःसीमा आणि घर नंबर वॉरंटाशी जुळले नाहीत तर मी परत फिरत असे. शेजारचं दार उघडलं तर त्याची जबाबदारी कुणाची? दोन पंच लागतात. मारामारीची भीती असेल तर आधी कोर्टाकडून पोलीस बंदोबस्ताचा आदेश घ्या. तो आयत्या वेळी फोन करून मिळत नाही. घराला कुलूप असेल तर ते तोडता येतं. आत पडद्यात राहणारी बाई असेल तर तिला आधी सूचना देऊन बाजूला जायला सवड द्यायची, असं दिवाणी प्रक्रिया संहितेतच लिहिलंय. सामान असेल तर एकेका वस्तूची यादी. अगदी देव्हाऱ्यातल्या टाकांपर्यंत मी लिहीत असे.

दारात तिसराच माणूस उभा राहिला आणि म्हणाला, मी वेगळ्या हक्कानं राहतो, तर बेलिफानं हुज्जत घालायची नसते. अडथळ्याचा अहवाल द्यायचा. मालकानं कोर्टात अर्ज करायचा आणि त्या माणसाचा हक्क कोर्ट तिथंच तपासतं.

लोक बेलिफाकडे मुदत मागतात. ती माझ्या हातात कधीच नव्हती. एका घरी मुलीचा दहावीचा पेपर चार दिवसांवर होता. तिची आई मला म्हणाली, “भाऊ, एवढे दिवस जाऊ द्या.” मी मालकाकडे वळून म्हटलं, मी थांबवू शकत नाही, तुम्ही लिहून दिलंत तर थांबतं. मालक बराच वेळ जिन्याच्या कठड्याला धरून उभा राहिला आणि मग माझ्याच पेनानं त्यानं लिहून दिलं की आज ताबा नको, वॉरंटची मुदत वाढवून मागतो. परीक्षेनंतर ते घर कुणीही न अडवता रिकामं झालं. तेव्हा मागायचं असेल तर मालकाकडे मागा, आणि वॉरंट निघण्याआधी मागा.

घर कोर्टामार्फत सुटो की आपसांत, शेवटचा कागद विसरू नका. ताबा पावती. तारीख आणि वेळ, चाव्या किती दिल्या, वीज मीटरचं रीडिंग, पाणी आणि देखभाल कुठवर भरलं, पंखे-नळ-दारं कशी आहेत, डिपॉझिटमधून काय कापलं आणि का, उरलेले कसे दिले. प्रत्येक खोलीचा फोटो. दोघांच्या सह्या, दोन साक्षीदार, दोघांकडे एकेक प्रत. डिपॉझिट हातात आणि चावी हातात हे एकाच टेबलावर, एकाच वेळी. “चावी द्या, पैसे उद्या टाकतो” यावर विश्वास ठेवणारे नंतर माझ्याकडे येतात, आणि तेव्हा मी परत तेच विचारतो, कागद दाखवा.